देवळ्याचे ‘डिओला’ होऊ नये म्हणून

देवळा हे गावाचे नाव इंग्रजीत लिहिताना डी, ई, ओ, एल, ए अशी पाच अक्षरे येतात आणि परका वाचक ती ‘डिओला’ अशी वाचतो. आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याची इंग्रजी अक्षरेही पहिले सोडले तर हीच. एकात ळ, दुसऱ्यात ल, हे त्यावरून कुणाला कळावे? गावच्या माणसाचे त्यावाचून अडत नाही. पण मराठी साहित्य इंग्रजीत नेणाऱ्यांचा वाचक एसटीने कधी देवळ्याला उतरलेला नसतो.

देवळालीचे काय झाले ते पाहा. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत ब्रिटिश शिपाई तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने अडकून पडत. त्यांच्या तोंडी गावाचे ‘डूलॅली’ झाले, त्याला आपल्याकडचा ‘ताप’ चिकटला, आणि आज इंग्रजी कोशांत ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला. स्पेलिंगमधला तो ओ म्हणजे आपला व, हे शिपायांना सांगणार कोण?

आयएसओ १५९१९ या २००१च्या लिप्यंतर पद्धतीत ळ साठी एलखाली टिंब देतात. कोशाला ते उत्तम. कादंबरी वाचणाऱ्याला मात्र ते टिंब मुके आहे. माझा आग्रह असा की उच्चार आधीच सांगावा. पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीपर्यंत वाचक पोचतो, तोवर चुकीचे नाव त्याच्या कानात मुरलेले असते. लेखात नाव प्रथम येते तिथेच कंस चालतो: ‘वेव्ह’शी जुळणारा ‘देव’, मग ‘ळा’, जोर पहिल्यावर. कथा-कादंबरीत कंस खुपतो. तिथे पहिल्या प्रकरणाआधी अर्धे पान उच्चारांसाठी मागून घ्यावे. प्रकाशक कुरकुरले तरी मागावे. ळ साठी ‘जिभेचे टोक मागे वळवून ल म्हणा’ एवढे पुरे. तो हुबेहूब आला नाही तरी चालेल, ‘देव-ळा’ या दोन अवयवांचे तीन मात्र होऊ नयेत.

सगळ्यात जास्त घात करतो तो स्पेलिंगमधला शेवटचा ई. देवळा तालुक्यातल्या उमराण्याचे त्याने ‘उमरेन’ होते. १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींचे आडनाव तर इंग्रज वाचक ‘सेन’ असेच वाचणार, कारण त्याच चार अक्षरांचा ‘शहाणा’ या अर्थाचा शब्द त्याच्या भाषेत आहे. ‘कॅफे’च्या ई वर इंग्रजी छापखाने तिरकी रेघ देतात; ती सान्यांना का मिळू नये? पुढच्या अंकापासून आपल्या मासिकातल्या इंग्रजी उताऱ्यांत ती दिली जाईल. सुरुवात उमराण्यापासून.