हंगामाची बातमी म्हणजे हॉटेलचं मेनूकार्ड नव्हे

एप्रिल लागला की आमच्या महाबळेश्वरच्या बातम्या एकाच साच्यातून पडायला लागतात. 'पर्यटकांनी फुलले महाबळेश्वर'. 'वेण्णा लेकवर तोबा गर्दी'. 'स्ट्रॉबेरी विथ क्रीमवर पर्यटकांचा ताव'. सोबत बोटीचा एक फोटो, घोड्यावर बसलेल्या पोराचा एक फोटो. झाली बातमी! मग पुरवणी निघते, 'कुठे खाल, काय पाहाल'. त्यात कोणाची थाळी 'आवर्जून चाखावी अशी' ठरते, हे जाहिरातीचं पान उलटलं की कळतं. तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन किती आणि जाहिरातीचं कमिशन किती, हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

पर्यटक नकोत असं मी म्हणत नाहीये. टॅक्सीवाला, घोडेवाला, बोटवाला, लॉजवर चादरी बदलणारी मावशी, चणे-चिक्कीचं दुकान, सगळ्यांची वर्षाची चूल या दोन महिन्यांवर पेटते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की बाजारपेठ झाकून घरी बसायचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच या दोन महिन्यांचा हिशेब नीट मांडा, एवढंच म्हणणं आहे.

पाण्यापासून सुरुवात करू. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं हे गाव. वेण्णा तलाव १८४२ सालचा. त्याचंच पाणी महाबळेश्वरलाही आणि पाचगणीलाही. जनगणना २०११ ची धरली तर शहराची वस्ती पंधरा हजारांच्या आत. हंगामात खोल्या भरल्या की त्याच तलावावर किती माणसं येतात, याचा अंदाज तुम्हीच करा. आणि याच तालुक्यातल्या डोंगरकपारीच्या वाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. पण आमच्या बातमीत वेण्णा म्हणजे फक्त बोटिंग! तलावात आज किती पाणी आहे, किती दिवस पुरेल, हा आकडा हंगामात पहिल्या पानावर कधी बघितलात का?

दुसरी गोष्ट रस्त्याची. वर यायला वाईकडून पसरणी घाट, मेढ्याकडून केळघर घाट, पोलादपूरकडून आंबेनळी घाट. संपले रस्ते. शनिवारी-रविवारी वेण्णा लेकपासून गाड्यांची रांग लागते, तेव्हा बातमी येते 'हाऊसफुल्ल'. अहो, त्याच रांगेत एखादी अडलेली बाई किंवा छातीत कळ आलेला म्हातारा साताऱ्याला निघालेला असतो. पर्यटकाला उशीर झाला तर त्याचा एक पॉइंट बुडतो. इथल्या माणसाचा जीव जातो.

आता उत्सवांकडे वळू. सरकारचा महापर्यटन उत्सव २०२५ मध्ये २ ते ४ मे असा झाला. उत्सवाला माझा विरोध नाही. पण शाळांना सुट्ट्या लागलेल्या, १ मेची सुट्टी जोडून आलेली, गाव आधीच भरलेलं. भरलेल्या ताटात आणखी वाढण्यात काय हशील? पैसा खर्चायचाच आहे तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटाला उत्सव घ्या. तेव्हा कासला फुलं असतात, इथे डोंगर हिरवे असतात आणि खोल्या रिकाम्या असतात. मे महिन्यातली गर्दी आणायला मांडव लागत नाही. ती उन्हानेच येते.

आणि खाण्याचं काय? स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा अभिमान आहेच. पण मे अर्धा सरला की ताजी स्ट्रॉबेरी आटोपत येते. तेव्हा रानात जांभळं, करवंदं असतात. शेतात तुती असते, लाल गाजरं असतात. मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून २०२२ मध्ये जाहीर झालं, तेही याच तालुक्यात. यातलं मेनूकार्डवर किती दिसतं? पंजाबी, चायनीज, पिझ्झा आणि पावभाजी. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा खायला पर्यटक पैसे देतो की नाही, हे बचत गटांना मोक्याची जागा देऊन एकदा बघा तरी. बायकांना जागा द्यायची म्हटलं की 'अतिक्रमण' आठवतं, बड्यांच्या पार्किंगने रस्ता खाल्ला तरी कोणाला काही आठवत नाही.

कचऱ्याचंही तसंच. हा भाग २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्या हॉटेलांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आपल्याच आवारात लावायची, असं २०१६ चे नियम सांगत होते. गावकऱ्याने घराचं छप्पर उंच केलं की झोनचा नियम दाखवतात. तोच कायद्याचा कडकपणा मोठ्या स्वयंपाकघरांच्या मागच्या दाराशी दिसू दे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. हंगामात दर सोमवारी वेण्णा तलावाची पाणीपातळी जाहीर करा. नाक्यावर गोळा होणारा प्रवासी कर एप्रिल-मेमध्ये किती जमला आणि कशावर गेला, ते जूनमध्ये पालिकेच्या फलकावर लावा. गर्दीच्या दिवसांत रुग्णवाहिकेसाठी एक मार्गिका मोकळी ठेवा आणि त्याला जबाबदार अधिकारी कोण, ते नावानिशी सांगा. बचत गटांना बाजारपेठेत हंगामापुरती जागा द्या. यातल्या एकाही गोष्टीला कोट्यवधी लागत नाहीत.

आणि आमच्या पत्रकार बंधूंनो, थाळीची बातमी जरूर करा. फक्त ती थाळी धुवायला पाणी कुठून आलं आणि उरलेलं अन्न कुठे टाकलं, हेही त्याच बातमीत लिहा. नाहीतर खाली 'जाहिरात' असं छापा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण माहिती घेऊन भांडा.