‘आम्ही नाही का वाढवली?’

सुरतेतील आपल्या मराठी घरांत सध्या एक वाक्य फार स्वस्त झाले आहे. दोन लहान मुलांची आई, क्वचित बापही, ‘हल्ली फार थकायला होते’ असे म्हणाला, की घरातील ज्येष्ठ मंडळी ते पुढे करतात : ‘आम्ही नाही का वाढवली?’ त्याचे रूप प्रश्नाचे असले तरी उत्तराची अपेक्षा कोणालाच नसते. समोरच्याचे बोलणे तेथेच थांबवावे, एवढाच त्याचा उपयोग. हळदीकुंकवाला, कोजागिरीला, वार्षिक सभेनंतरच्या चहाला हे वाक्य ऐकू येते आणि त्यावर माना डोलावणाऱ्यांत माझ्याच वयाची माणसे अधिक असतात. त्यांच्याशी मला चार शब्द भांडावयाचे आहेत.

‘आम्ही’ या पहिल्याच शब्दाला माझा आक्षेप आहे. राज्य सरकारच्या सेवेत मी तीस वर्षांहून अधिक काळ काढला. सकाळी साडेदहाला कचेरीत हजर, सुटी सहा वाजून दहा मिनिटांनी, आणि मार्चअखेरीस तिचाही भरवसा नाही. माझ्या निरोप समारंभात एका वक्त्यांनी ‘नोकरी सांभाळून त्यांनी दोन मुले वाढवली’ असा माझा गौरव केला. उत्तराच्या भाषणात मी तो नाकारला. माझी मुले माझ्या सासूबाईंनी वाढवली, एका चुलत सासूबाईंनी वाढवली आणि समोरच्या घरातल्या गुजराती मासींनी वाढवली. धाकट्याला पहिला दाळ-भात मासींनी भरवला. तो मासींना ‘बा’ म्हणत असे. रात्री मूल रडले तर उठणारी माणसे घरात तीन होती आणि सकाळी कचेरीत जाणारी मी त्यांत नेहमीच शेवटची असे. अशा घरात वाढलेल्या मुलांच्या आईने आजच्या सुनेला ‘आम्ही नाही का वाढवली?’ म्हणून विचारावे, हे हिशेबात बसत नाही.

त्या चुलत सासूबाईंविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण जुन्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना अशा बायकांना आपण सोयीस्करपणे विसरतो. ऐन तारुण्यात वैधव्य आले आणि त्या दिराच्या घरी राहावयास आल्या. त्यानंतर त्या घरातील एकूण नऊ मुले त्यांच्या मांडीवर झोपली. शिधापत्रिकेवर त्यांचे नाव होते. त्याखेरीज ते कोठेही लिहिलेले नव्हते. त्यांना रजा नव्हती, वेतन नव्हते आणि ‘तुम्हाला हे करावयाचे आहे का?’ असे कोणी विचारल्याचे माझ्या कानी नाही. गायकवाडांच्या चाकरीत सोनगड, व्यारा, नवसारीकडे आलेली घराणी असोत, की १ मे १९६० पूर्वी सुरत जिल्हा मुंबई राज्यात असताना बदलीवर येऊन येथेच स्थिरावलेली कुटुंबे असोत, अशी एखादी आत्या, काकू किंवा मावशी जवळपास प्रत्येक वाड्यात होती. तिच्या नाइलाजावर आपली बालपणे उभी आहेत. ती आता घराघरांत नाही, आणि नाही हे चांगलेच झाले. तिचे काम मात्र शिल्लक राहिले, आणि ते जिच्या अंगावर पडले तिला आपण ‘नाजूक’ म्हणतो.

‘आमच्या आईने सहा वाढवली’ हा याच वाक्याचा थोरला भाऊ. सहांपैकी थोरली मुलगी दहा वर्षांची झाली, की धाकटे भावंड तिच्या कमरेवर बसत असे. तिची शाळा सुटली असेल, तर त्याची नोंद सहा मुलांच्या कौतुकात होत नाही. पुढे सरकारने लाल त्रिकोण रंगवून दोन मुलांचा आग्रह धरला. तो योग्यच होता. पण तोंडे कमी झाली त्याबरोबर घरातले हातही कमी झाले, हे कुटुंबनियोजनाच्या कोणत्याही भिंतीवर लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी परंपरा तरी नीट आठवावी. बाळंतिणीची खोली वेगळी असे. सोयराचे दहा दिवस तिने चुलीला शिवावयाचे नाही, सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आणि दुसऱ्या खेपेस थोरले मूल काही दिवस आजोळी. विटाळाची भाषा आज आपल्याला मान्य होणार नाही, होऊही नये. परंतु त्या भाषेआड एक सरळ व्यवहार होता : प्रसूत झालेली बाई थकलेली असते आणि तिचे काम दुसऱ्याने उचलावयाचे असते. तेव्हा थकव्याची तक्रार ही पाश्चात्त्य फॅशन आहे, असे जे सांगतात, त्यांना आपल्याच आजीच्या घरातील अंधारी खोली आठवत नाही.

आता आजचे घर पाहू. अडाजण, पाल किंवा वेसू येथे नवव्या मजल्यावर सदनिका. नवरा हजिऱ्याच्या कारखान्यात पाळीवर किंवा कापड बाजारात रात्री नऊपर्यंत. बायको नाशिक किंवा पुण्याची, स्वतः पदवीधर, कदाचित नोकरीत. थोरले अडीच वर्षांचे, धाकटे चार महिन्यांचे. धाकटे दोन-तीन तासांनी दुधासाठी उठते. ते झोपले, की त्याच्या रडण्याने जागे झालेले थोरले पाणी मागते, शू म्हणते, ‘बाळाला परत दे’ म्हणते. दिवसा एक झोपते तेव्हा दुसरे जागे असते. एका मुलाच्या वेळी आईबापांना आळीपाळीने डोळा लावता येतो. दुसरे आले, की ती सोयही जाते. सलग चार तासांची झोप महिनोन्‌महिने न मिळालेले माणूस चिडते, विसरते, दूध उतू घालवते आणि थोरल्याच्या पाठीत धपाटा घालून मग स्वतःच रडत बसते. हा स्वभावदोष नसून झोपेची थकबाकी आहे. काहींच्या बाबतीत ती याहून पुढे जाते. प्रसूतीनंतरचे औदासीन्य हा आजार आहे आणि त्याला औषधोपचार आहेत. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हा त्यावरचा उपचार नव्हे.

यंत्रांचा मुद्दा दर वेळी निघतो. कपडे धुण्याचे यंत्र आहे, मिक्सर आहे, डायपर आहे, मग थकवा कसला? मान्य, पाट्याची आणि लंगोटांच्या बादलीची सुटका झाली. परंतु तापाने फणफणलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालणारे यंत्र अद्याप बाजारात आलेले नाही. मोबाइलविषयीची तक्रार मात्र मी अर्धी मान्य करते. मूल झोपल्यावर तासभर पडदा सरकवत बसण्यात झोप जाते, हे खरेच. जेवताना मुलाच्या हाती मोबाइल देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, आणि तो देणाऱ्यांत आजोबांची संख्या कमी नाही, हेही नोंदवून ठेवते.

काम कोणाच्या अंगावर आहे, याची मोजदाद आपल्या देशात झालेली आहे. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची पहिली मोठी पाहणी झाली, त्यांत गुजरात होते. पुढे २०१९ मध्ये ती देशभर झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले; घरातील माणसांची काळजी घेण्यात स्त्रियांची १३४ मिनिटे जातात, पुरुषांची ७६. पुरुषांचे हे आकडेही केवळ जे ते काम करतात त्यांचेच आहेत. न करणारे त्यांत धरलेलेच नाहीत. कचेरीत एका टेबलावर तिप्पट फायली साचल्या, तर आम्ही त्या कारकुनाला आळशी ठरवण्यापूर्वी कामाची वाटणी तपासत असू.

कायद्याने काही केले आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. बापाच्या वाट्याला, तो केंद्र सरकारचा नोकर असेल तर, पंधरा दिवस. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने तेवढेही दिलेले नाहीत.

आणि ज्यांच्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही, तीही मराठीच माणसे आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. नवरा यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत. बायको घरी साडीवर खडे चिकटवते, लेस लावते, नगावर पैसे घेते. एक मूल मांडीत, दुसरे खड्यांच्या डबीशी खेळते आहे. तिचा मालक कोण, हेच कागदावर नसल्यामुळे तिला रजा कोण देणार? आपण जुनी, शहरात मुरलेली मंडळी या खानदेशी घरांना आपल्यात धरावयास अजून कचरतो. पण तिची आणि नवव्या मजल्यावरच्या सुनेची अडचण एकच आहे. सुनेला निदान दार लावून रडता येते.

उपाय नवा शोधावा लागणार नाही. ताराबाई मोडक मुंबईच्या. राजकोटच्या अध्यापन विद्यालयातली मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या कामात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये त्या बोर्डीस गेल्या. सुरतेहून मुंबईच्या वाटेवर घोलवड स्थानक लागते, तेथून हे गाव हाकेच्या अंतरावर आहे. आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे असतात, हे तेथे दिसून आले. बाईंनी मुलींना उपदेश केला नाही. बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली, आणि पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र नांदवली. अनुताई वाघ त्यांच्या बरोबरीने राबल्या. आज देशभर बोलला जाणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून आलेला आहे. सुरतेच्या सार्वजनिक कन्याशाळेत आणि एम.टी.बी. महाविद्यालयात शिकलेल्या इलाबेन भट्ट यांच्या ‘सेवा’नेही अहमदाबादेत कष्टकरी बायकांसाठी बालसंगोपनाची केंद्रे सहकारी पद्धतीने चालवून दाखवली. गुजरातीत पाळणाघराला ‘घोडियाघर’ म्हणतात. दोन्ही भाषांत शब्द आहे. आपल्या मंडळाच्या ठरावांत तो अजून आलेला नाही.

एका आक्षेपाला मी मान देते. ‘साठीनंतर आम्ही पुन्हा पाळणे हलवावयाचे का?’ असे माझ्या मैत्रिणी विचारतात. त्यांचे गुडघे मी पाहिले आहेत. सुनेचा भार सासूवर टाकणे म्हणजे चुलत सासूबाईंची जागा पुन्हा भरणे होय, आणि त्याला माझा विरोध राहील. प्रथम बापाने रात्रीची एक पाळी घ्यावी; बाटलीचे किंवा काढून ठेवलेले दूध पाजण्यास पुरुषाचे हात पुरतात. मग आपल्या सभागृहाकडे वळावे. गणेशोत्सव, दिवाळी पहाट, व्याख्यानमाला आणि लग्नसराई सोडली, तर सोमवार ते शुक्रवार सकाळी ते कुलूपबंद असते. नऊ ते एक असे चार तास तेथे पगारी, शिकलेल्या दोन सेविका नेमून पाळणाघर चालवावे, आणि ते अडाजणच्या व लिंबायतच्या मुलांना सारखेच खुले असावे. फी ऐपतीप्रमाणे.

हा प्रस्ताव मी गेल्या सभेत मांडला तेव्हा कोषाध्यक्षांनी नव्या फरशीची काळजी व्यक्त केली. फरशी पुसता येते, असे मी सांगितले. चर्चा पुढील सभेवर गेली आहे. त्या सभेला तरुण आईबापांनीही यावे. मुलांना बरोबर आणावे, आणि ती रडली तर रडू द्यावे.