रिसोटोमधली कणी

दिवाळीला घरी गेलात की काय करता मंडळी? फराळ, जुने मित्र आणि दुपारी चारपर्यंत झोप. बरोबर ना? यंदा मी जरा हटके प्लॅन केला. महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याहून गोंदियाला उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, ‘आज डिनर बाहेर. कॉन्टिनेन्टल!’ आईने लगेच कपाटातली सिल्कची साडी काढली. बाबा म्हणाले, ‘काहून? घरी भात नाही का?’

गोंदिया म्हटलं की माझ्या ऑफिसातल्या लोकांना फक्त ट्रेनच्या पाटीवरचं नाव आठवतं. पण ताज समूहाने बालाघाट रोडवर गेटवे उघडल्यापासून मांडीवर पांढरा नॅपकिन पसरून जेवणं ही आमच्या गावात काही नवलाई राहिलेली नाही. आम्ही गेलो ते हॉटेल वेगळं. नाव नको.

खरं सांगायचं तर माझा प्लॅन जेवणाचा नव्हताच. पुण्यात टू बीएचके बघून ठेवलाय. डाऊन पेमेंटसाठी बाबांनी धानाच्या तिन्ही बांध्या विकाव्यात आणि दोघांनी माझ्याकडे राहायला यावं, हे बोलायचं होतं. चांगल्या हॉटेलात बाबा आवाज चढवणार नाहीत, हा माझा फंडा!

मेन्यूत डावीकडे बटर चिकन आणि दाल मखनी, उजवीकडे युरोप. आईसाठी व्हेज ऑ ग्रातँ मागवलं. फ्रेंचमध्ये ‘ग्राते’ म्हणजे खरवडणं. भांड्याला चिकटलेला खमंग थर म्हणजे ग्रातँ. आईला म्हटलं, ‘ही त्यांची खरवड.’ ती एकदम खूश. काटा-चमचा बाजूला ठेवून तिने तो थर बोटांनीच सोलून खाल्ला. मी शेजारच्या टेबलाकडे बघितलं. (हो, बघितलं. लाज वाटली ती आईची नव्हे, मग माझी मलाच.)

बाबांसाठी मश्रूम रिसोटो. इथेच घोळ झाला. बाबांची 31 वर्षं भातगिरणीत गेली. एक घास घेतला, दोन बोटांत एक शीत दाबलं आणि म्हणाले, ‘कणी ठेवली यायनं. कच्चा हाय.’

कॅप्टन बिचारा धावत आला. त्याने नीट समजावलं. रिसोटोत शिताच्या पोटात थोडी कणी राहायलाच हवी, इटलीत तशीच पद्धत आहे. हा तांदूळ आर्बोरियो. उत्तर इटलीत पिएमाँतमध्ये त्या नावाचं गाव आहे. तो धुवायचा नाही, कारण वरचा स्टार्च निघून गेला तर दाटपणा येत नाही. लोण्यावर परतायचा आणि गरम स्टॉक पळीपळीने घालत पंधरा-वीस मिनिटं ढवळत राहायचं.

‘धूतच नाही?’ आई.

बाबांनी मात्र कच्चे दाणे बघायला मागितले. कॅप्टनने वाटीत मूठभर आणून दिले. बाबांनी चष्मा वर केला, दाणा दिव्यासमोर धरला. ‘पोटात पांढरा हाय. असला दाणा गिरणीत तुटते. आमच्याकडे व्यापारी भाव पाडून घेते याचा.’ जो पांढरेपणा आमच्या गिरणीत खोट, तोच तिकडे गुण! कॅप्टनही ऐकत राहिला. मग बाबांनी त्याला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंची गोष्ट सांगितली. 1983 मध्ये स्वतःच्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी जपल्या, त्यातून वाण काढलं, आणि तेव्हाच्या फेमस घड्याळावरून त्याचं नाव पडलं एचएमटी. दादाजी 2018 मध्ये गेले. एचएमटी आमच्या घरी रोज शिजतो.

एवढ्यात मी बोलून टाकलं. फ्लॅट, बांध्या, सगळं एका दमात.

बाबा गप्प. आई रिकामी बशी खरवडत राहिली.

‘दोन वीक,’ ते शेवटी म्हणाले. ‘नाल्याकडची राहू दे. पुण्यात येऊन तांदूळ विकत घेऊन खाऊ का मी?’

‘म्हणजे येणार?’

‘धान कापल्यावर बघू.’

बिल आलं. तुमच्यासाठी टीप: ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर, तिथल्या रेस्टॉरंटचा जीएसटी 18 टक्के, एरवी 5. सर्व्हिस चार्ज मात्र कुणी परस्पर लावू शकत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच तसं बजावलं आणि दिल्ली हायकोर्टाने 2025 मध्ये ते कायम ठेवलं. आमच्या बिलात तो नव्हता. कॅप्टनला टीप बाबांनी स्वतःच्या खिशातून दिली आणि वाटीतले चार दाणे त्याच खिशात टाकले.

घरी आल्यावर आईने त्यांना वरण-भात वाढला.