मूळ नसलेलें झाड

गंगाखेडाकडे गोदावरीच्या संथ पाण्यावर जलपर्णी दिसल्यास एक रोप उचलून पाहावें. तिचीं काळसर, पिसांसारखीं मुळें चिखलांत न रुततां बहुधा पाण्यांतच लोंबत असतात. "मूळ झाडास जमिनींत धरून ठेवतें," हें वाक्य आमचे विद्यार्थी डोळे मिटून म्हणतात. तें आम्हींच त्यांजकडून घोकून घेतलें, हेंही कबूल करावयास हवें.

डबक्यावरील हिरव्या टिकल्यांचें कूळ तर याहून विलक्षण! स्पायरोडेलास मुळांचा झुपका, लेम्नास एकच मूळ, वुल्फियास एकही नाहीं. मूळ फुटण्याची आज्ञा मुख्यतः ऑक्झिन नामक संप्रेरक देतें. ती कोणत्या पेशीनें कशी मानावी, हें जनुकें ठरवितात. पाण्यांत अन्नद्रव्यें पुरेशीं असतां मुळें छाटलीं तरी या टिकल्या वाढतच राहतात, असें इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथील संशोधकांनीं २०२३ सालीं दाखविलें. अवयव उरला, काम गेलें!

पालक विचारतील, "परीक्षेंत याला गुण किती?" कदाचित् शून्य. तथापि ज्या परभणींत १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे, तेथील मुलानें मूळ केवळ चित्रांत पाहावें, हें आम्हांस रुचत नाहीं. पालकांनीं एक काचेची बरणी तेवढी द्यावी. टिकल्या आम्ही आणूं. डबक्यावर मुलास एकटें मात्र धाडूं नये.