हाताच्या कामाला खालची पायरी का?

धारवाडला 2016 साली आयआयटी सुरू झाली, तेव्हा हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांना अभिमान वाटला, तो रास्तच. पण हुबळीच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करणाऱ्या आयटीआयच्या मुलाचं कौतुक होत नाही. गुण कमी पडले की ‘जा आयटीआयला’, हे आपल्याच घरांतलं वाक्य. हुबळीतल्याच बेंगेरीच्या खादी केंद्रात बायका राष्ट्रध्वज शिवतात. चक्राचे 24 आरे कापडाच्या दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळावे लागतात. चुकलं की ध्वज बाद. ही अचूकता कुठल्या पदवीत मोजली जाते? लग्न ठरवताना तर नाहीच. आयटीआयनंतर डिप्लोमा, मग थेट इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, ही वाट खुली आहे. पालकांनो, शिक्षकांनो, ती मुलांना समजावून सांगा. चांगले गुण मिळवणाऱ्यांनासुद्धा.