पाठदुखी विश्रांतीने थांबते की वाढते?

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या बोळांत दुपारी उंबऱ्याशी बसून, मांडीवर सूप घेऊन बाया विड्या वळत असतात. मान खाली, पाठ वाकलेली. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभाच. इथं पाठदुखीला कुणी आजार समजत नाही. डॉक्टरकडे गेलंच कुणी, तर ठरलेलं उत्तर घेऊन परततं: ‘मणके झिजलेत’, ‘गॅप आलाय’. या ठरलेल्या उत्तरामुळे काही तरुण माणसं कायमची वाकतात, म्हणून आज हा विषय.

झीज खरी आहे. वयानुसार मणक्यांमधल्या चकत्या सुकतात, मागच्या छोट्या सांध्यांवर भार येतो, कडेला हाड वाढतं. पण फोटोत दिसलेली झीज हेच दुखण्याचं कारण, असं मुळीच नाही. 2015 साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. पाठ अजिबात न दुखणाऱ्या तिशीच्या माणसांतही निम्म्यांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीच्या वयात तर 96 टक्क्यांच्या. एमआरआयचा कागद हातात घेऊन घाबरू नका.

खरी गफलत होते ती दुसऱ्या प्रकारात. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस हा झिजेचा नव्हे, सुजेचा संधिवात. तो बहुधा पंचेचाळिशीच्या आत, हळूहळू सुरू होतो. पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर पाठ अर्धा तास किंवा त्याहून जास्त आखडलेली राहते, चालल्या-फिरल्यावर मोकळी होते आणि पडून राहिलं की दुखणं वाढतं. कधी डोळा लाल होऊन दुखतो. तो बायकांनाही होतो. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून माकडहाडाच्या बाजूच्या सांध्यांचा एमआरआय लागतो. एचएलए-बी 27 ही रक्तचाचणी निदानाला हातभार लावते. उपचार न झाल्यास मणके एकमेकांना जुळून पाठ ताठर होऊ शकते. वेळेत सूज उतरवणारी औषधं, रोजचा व्यायाम आणि गरज पडल्यास बायोलॉजिक इंजेक्शनं मिळाली, तर बहुतेकांना कामधंदा करत जगता येतं. अशा पोराला ‘पट्टा बांध, झोपून राहा’ हा सल्ला म्हणजे उलटा उपचार.

संध्याकाळचा ताप आणि घटतं वजन असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासा. पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल गाठा. आणि कुणी बिननावाची पुडी देत असेल तर घेऊ नका. तिच्यात स्टेरॉइड असू शकतं.

विडीवाल्या बाईचं दुखणं बहुतेकदा साधं, श्रमाचं असतं, पण उपाय साधा नाही. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. मध्ये उठून पाय मोकळे केले तर विड्या कमी भरतात. भिंतीला पाठ टेकवा, पाटावर बसा, अर्ध्या तासाने उठा, हे मी सांगेन. पण उठण्याची किंमत तिनेच का मोजायची? तो भार मजुरीच्या दरात धरला पाहिजे.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर संधिवाताची पाहणी केली. सुमारे 18 टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंचं दुखणं आढळलं. अशी पाहणी इथंही होऊ शकते. आपल्या शहरात वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय आहे. चळवळीच्या बळावर शहराजवळच्या कुंभारीत 30 हजार घरांचा प्रकल्प उभा करणारे, 2024 च्या जानेवारीत त्यातल्या 15 हजार घरांचं लोकार्पण पाहणारे कामगार कार्यकर्ते आहेत. या दोघांनी मिळून भवानी पेठेत दारोदार जाऊन एवढंच विचारावं: पाठदुखी विश्रांतीने थांबते की वाढते? ‘वाढते’ म्हणणाऱ्या प्रत्येक तरुणाला थेट तपासणीला न्यावं.