बाद झालेला गडी

पाऊस ओसरला, नागली-वरईची कापणी उरकली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर सामने लागतात. कुठे टेनिस बॉलचे क्रिकेट, कुठे कबड्डी. चांगले गडी तोवर वीटभट्ट्यांवर निघून गेलेले असतात, मग जे उरतात त्यांचाच संघ होतो.

कबड्डीतला एक नियम मला आपल्या राजकारणापेक्षा शहाणा वाटतो. बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो, पण घरी जात नाही. आपल्या संघाने समोरचा गडी मारला की तो जिवंत होऊन परत आत येतो. बाहेर बसणे हाही खेळच.

निवडणूक हरलेला माणूस मात्र आपल्याकडे घरी जातो. ग्रामसभेला येत नाही, आलाच तर काम अडवायला येतो. जिंकलेला त्याच्या पाड्याचा रस्ता आणि नळ विसरतो. मोठ्या शहरात हे कसेबसे खपून जाते, मोखाड्यात नाही. मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते आणि इथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकर आधी कोणाच्या पाड्यावर, हा मानापमानाचा विषय झाला की ज्यांना अजून मताचा अधिकारही नाही अशा पोरांचे हंडे रिकामे राहतात.

मोठे नेते तरी काय शिकवतात? २०१८ ची पालघर लोकसभेची पोटनिवडणूक आठवा. भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनाने ती लागली. त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले, काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित भाजपकडून. राज्यात एकत्र सत्तेत असलेले दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडले आणि गावित जिंकले. पुढच्याच वर्षी तेच गावित त्याच मतदारसंघातून शिवसेनेच्या धनुष्यबाणावर निवडून आले. जर्सी फुटबॉलवालेही बदलतात, त्यात पाप नाही. पण वरचे नेते असे सहज एकत्र येतात, आणि त्यांच्यापायी बोलणे तोडलेले खालचे कार्यकर्ते आयुष्यभर एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

याच्या उलट एक उदाहरण मुंबईचेच आहे. फेब्रुवारी १९८०, वानखेडेवर भारत-इंग्लंड कसोटी. इंग्लंडचा निम्मा संघ ५८ धावांत परतला होता. पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिले. कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांची खात्री पटली की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्यांनी अपील मागे घेऊन टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावा जोडल्या आणि इंग्लंडने सामना दहा गडी राखून जिंकला. विश्वनाथ यांना पुन्हा कधी कसोटीचे कर्णधारपद मिळाले नाही. ही किंमत मी मुद्दाम सांगतो आहे, कारण खिलाडूवृत्ती फुकट मिळते असे कोणी समजू नये. हार पचवण्याबद्दल बोलायचे तर बाबासाहेब आंबेडकर १९५२ ची पहिलीच लोकसभा निवडणूक मुंबईत हरले, आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा उभे राहिले. तिथेही हरले. मैदान त्यांनी सोडले नाही.

आता आपल्याकडे वळू. जव्हार शहरात नगरपरिषद आहे, तिथे आपल्यातला कोणीही उभा राहू शकतो. उमेदवार पडला की दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात हिशेब सुरू होतो, कोणी मत फोडले, कोणाशी सलाम-दुआ बंद करायची. प्रेषितांची ‘अदबा’ नावाची उंटीण कधी शर्यत हरत नसे. एका बदूच्या तरण्या उंटाने तिला मागे टाकले तेव्हा सोबत्यांना ते फार लागले. प्रेषितांनी त्यांना समजावले की दुनियेत जे वर चढते ते खाली येते, हा अल्लाहचाच कायदा आहे. बदूला कोणी दोष दिला नाही. ही गोष्ट आपण जलशात ऐकतो आणि निकालाच्या दिवशी विसरतो.

गावात प्रश्न आणखी वेगळा आहे. हा अनुसूचित भाग आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने इथले सरपंचपद आदिवासींसाठी राखीव आहे, आणि ज्यांच्या जमिनी, जंगल आणि पाणी गेले त्यांच्याकडेच ते असणे मला न्याय्य वाटते. म्हणजे गावात राहणाऱ्या मुस्लिम तरुणाला सरपंच होता येणार नाही. यावर काही मित्र म्हणतात, मग आपण कशाला मध्ये पडायचे? मी त्यांना विचारतो, कबड्डीच्या सात जणांत कर्णधार किती असतात? ग्रामपंचायतीचा सदस्य आपल्याला होता येते. पेसाच्या पाच टक्के निधीचे काय करायचे हे ग्रामसभेत ठरते आणि तिथे गावातल्या प्रत्येक मतदाराला बोलता येते, हात वर करता येतो.

१ मे ची ग्रामसभा ऐन टंचाईत येते. टँकरच्या फेऱ्या किती झाल्या, कोणत्या पाड्यावर झाल्या, हे विचारायला त्या दिवशी पडलेला उमेदवार समोर बसलेला असला, की सरपंचांना वही उघडावी लागते.